टेस्ट करीन, पण पॉझिटिव्ह आले तर?

जून २०२०. लॉकडाऊन थोडा सैल झाला होता आणि मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर एक कागद चिकटला होता. घरकामाला येणाऱ्या बायकांनी कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा, मगच आत सोडलं जाईल. आमच्या मावशी गेटच्या बाहेर उभ्या, मी आत. मध्ये वॉचमनचं टेबल, सॅनिटायझरची बाटली आणि ताप मोजायची ती पांढरी बंदूक. मावशी राहतात ती वस्ती आमच्या गच्चीवरून दिसते. त्या दिवशी मात्र ती दुसऱ्या देशात असावी इतकी लांब वाटली.

मी म्हटलं, "मावशी, टेस्ट करून घ्या ना. पैसे मी देते."

त्या म्हणाल्या, "टेस्ट काय, करीन मी. पण पॉझिटिव्ह आले तर? मला नेतील, पोराला नेतील, सासूला नेतील. गल्लीला पत्रे ठोकतील. चार घरची कामं जातील ती जातीलच, आणि शेजारीण वर्षभर बोलेल ते वेगळं."

मला उत्तर सुचलं नाही. महामारीत श्रीमंत आणि गरीब वस्त्या वेगवेगळ्या का वागतात, याची पुढे पुष्कळ विश्लेषणं वाचली. त्यांतली बरीचशी मावशींच्या या प्रश्नावरच येऊन थांबतात.

आधी ही टेस्ट म्हणजे काय ते बघू. आरटी-पीसीआरमध्ये नाकातून किंवा घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. त्यात विषाणूचा जनुकीय धागा असेल तर यंत्र त्याच्या प्रती काढत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीस चक्रांत एकाचे शंभर कोटींच्या वर होतात, त्यामुळे अगदी थोडा विषाणूही पकडता येतो. मात्र त्यासाठी महागडं यंत्र लागतं, ते चालवणारा शिकलेला माणूस लागतो, रसायनं लागतात आणि नमुना थंड ठेवून लॅबपर्यंत वेळेत न्यावा लागतो. साथीच्या सुरुवातीला देशात हे सगळं मोजक्या ठिकाणी होतं. महाराष्ट्रात आधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, मग मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात. यंत्रं कमी, म्हणून टेस्ट कोणाची करायची याला नियम. पहिल्या आठवड्यांत परदेशातून आलेला असाल किंवा बाधिताच्या संपर्कात आला असाल, तरच मुख्यतः टेस्ट होत होती. म्हणजे ज्याच्या हातात पासपोर्ट, त्याचा आजार आधी दिसला. विमानातून उतरलेल्यांचं सामान उचलणारे, त्यांना टॅक्सीने घरी सोडणारे, त्यांची धुणीभांडी करणारे यांचा आजार दिसायला वेळ लागला.

मग खासगी लॅबना परवानगी मिळाली आणि किमतीचा प्रश्न आला. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, कमाल दर ठरवला ४,५०० रुपये. एप्रिलच्या ८ तारखेला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खासगी लॅबनीही टेस्ट मोफत करावी. पाच दिवसांत आदेश बदलला आणि मोफत राहिली ती फक्त आयुष्मान भारत योजनेतल्या व आर्थिकदृष्ट्या दुर्बल लोकांसाठी. पुण्याच्या मायलॅबचं देशी किट मार्चमध्येच मंजूर झालं होतं, हळूहळू रसायनांचा तुटवडा कमी झाला, लॅब वाढल्या, दर उतरत गेले. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने २,२०० रुपये ठरवले, घरी येऊन नमुना घेतला तर २,८००. डिसेंबरात ७००. मार्च २०२१ संपता संपता ५००.

मावशींना त्या वेळी चार घरचे मिळून साडेसहा हजार मिळत. आमच्या नोटिशीचा हिशेब केला तर महिन्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा एका कागदासाठी. आणि तो कागद सांगणार काय, तर त्या दिवशी, त्या तासाला नाकात विषाणू सापडला नाही एवढंच. परतीच्या रिक्षात लागण झाली तर रिपोर्ट तोच, निगेटिव्ह. त्याहून गंमत म्हणजे तेव्हा मुंबईत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय टेस्टच करता येत नव्हती. ती अट महापालिकेने जुलैत काढली. म्हणजे आमची कमिटी ठणठणीत बायकांकडून असा कागद मागत होती जो पैसे टाकूनही सरळ मार्गाने मिळाला नसता. कमिटीतल्या कोणालाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पालिकेच्या केंद्रांवर टेस्ट फुकट होती, हे खरं. पण फुकट गोष्टीलाही भाडं पडतं, रांग पडते, अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो. रिपोर्ट यायला गर्दीच्या काळात दोन-तीन दिवस, कधी जास्तही लागत. कोरोनाचा माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो. चौथ्या दिवशी हाती आलेला रिपोर्ट डॉक्टरच्या कामाचा असेल, पण तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तरी मावशींनी किंमत विचारलीच नव्हती. त्यांचा प्रश्न उत्तराच्या किमतीचा होता.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर काय झालं असतं? मागच्या खोलीत दार लावून बसले असते. लॅपटॉप होता, पगार चालू होता, संडास स्वतंत्र होता, जेवणाचं ताट दाराशी आलं असतं. मावशींच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. नळ बाहेर, संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. 'घरीच विलग राहा' हे वाक्य त्या खोलीत बसतच नाही. म्हणजे पर्याय पालिकेच्या विलगीकरण केंद्राचा. चौदा दिवस. घरातल्या सगळ्यांचा मिळून चौदा दिवसांचा रोज गेला. वर गल्ली सील झाली की त्यांच्यामुळे शेजारच्या तीस घरांचाही रोज गेला. चार दिवसांत उतरणाऱ्या तापासाठी हा सौदा कोण करेल? ज्याला दम लागतोय तो करेल. बाकीचे पॅरासिटामॉल घेऊन गप्प बसतील. टीव्हीवर तेव्हा याला 'अडाणीपणा' आणि 'बेजबाबदारपणा' म्हणत होते. मला तो चोख हिशेब वाटतो. त्या हिशेबात समाजाचं नुकसान आहेच, पण ते भरून द्यायला समाज पुढे आला नसेल तर एकट्या माणसाने ते का सोसायचं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मुंबईने आणि पुण्याने हे आधीही पाहिलं होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा नाकातली काडी नव्हती. काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपून बघत. गाठ सापडली की रुग्णालय, घरच्यांना छावणी, घरातलं सामान जाळायचं किंवा औषधाने धुऊन काढायचं. म्हणजे तपासणी फुकट आणि उत्तराची किंमत घरदार. लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला, मयत लपवलं, आणि ज्यांना जमलं ते गावी पळाले. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं. पुण्यात प्लेगसाठी नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याच्या सैनिकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉक्टर यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना उघडला होता. तिथून कोणी कोणाच्या घरी झडतीला जात नव्हतं. सावित्रीबाई मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजार एक, शहर एक. एका दारापासून लोक माणसं लपवत होते, दुसऱ्या दारी आणून सोडत होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी केलेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

म्हणून धारावीत काय झालं ते नीट बघायला हवं. दोन-अडीच चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसं, असा अंदाज सांगतात. बहुतेक लोक सार्वजनिक संडास वापरतात. पालिकेच्या हिशेबाने असे सुमारे साडेचारशे. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला आणि त्याच दिवशी दगावला. आता इथे आग लागणार, असं सगळे धरून चालले होते.

धारावी ज्यात येते त्या महापालिकेच्या जी उत्तर विभागाचे तेव्हाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या लोकांनी घरोघर जाऊन तपासणी सुरू केली. सोबत होते वस्तीतलेच खासगी डॉक्टर. मला यात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे. गरीब वस्तीत ताप आला की माणूस आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. तेव्हा पन्नास-शंभर रुपयांत तपासणी, तीन दिवसांच्या गोळ्या, आणि डॉक्टरला घरातल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ. लॉकडाऊनमध्ये हे दवाखाने बंद पडले होते, ते उघडायला लावले. पीपीई, म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख घातलेला अनोळखी माणूस दारात आला तर लोक "आमच्याकडे कोणाला काही नाही" म्हणतात. ओळखीच्या डॉक्टरला खोकला सांगतात. पहिली चाळणी ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, यांचीच. आरटी-पीसीआर नंतर, संशय आला त्याची. टेस्ट अपुऱ्या होत्या म्हणून त्या जिथे आजार सापडण्याची शक्यता जास्त तिथे वापरल्या.

पण त्याहून महत्त्वाचं, उत्तर स्वस्त केलं. शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन विलगीकरण आणि उपचार वस्तीच्या जवळच आणले. तिथे राहणं फुकट, दोन वेळचं जेवण फुकट, डॉक्टर हजर. सील केलेल्या गल्ल्यांत शिधा आणि शिजवलेलं अन्न पोचवलं, त्यात स्वयंसेवी संस्थांचा हात मोठा. संडास दिवसातून अनेकदा धुऊन काढले. जुलैच्या ७ तारखेला धारावीत एकच नवा रुग्ण नोंदला गेला आणि त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव जगापुढे घेतलं.

आता थोडं पाणी ओततेच. धारावीतून तोवर मोठ्या संख्येने मजूर गावी निघून गेले होते, म्हणजे गर्दीच कमी झाली होती. बुडालेला रोज कोणी भरून दिला नव्हता, जेवण दिलं म्हणजे मजुरी दिली असं होत नाही. आणि तिसरी गोष्ट, झोपडपट्ट्यांत आजार आधीच किती पसरून गेला होता ती, जुलैअखेर कळली.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. सीरो सर्वेक्षण म्हणजे तेच. आज नाकात विषाणू आहे का, हे न बघता रक्तात त्याच्याशी लढल्याच्या खुणा, म्हणजे अँटीबॉडी आहेत का ते बघायचं. रुग्णालयात आलेल्यांचं नाही, वस्तीतून निवडलेल्या माणसांचं. वरवरचंच शीत घेतलं तर तळाचा भात करपलाय का कच्चा आहे ते कळत नाही, म्हणून शीत सगळ्या पातेल्यातून उचलायचं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत, म्हणजे दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांत, ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचं दिसलं. इमारतींत १६ टक्के.

हे आकडे दोनदा वाचावेत असे आहेत. ते जाहीर झाले त्या दिवशी संपूर्ण मुंबईत तोवरचे अधिकृत रुग्ण होते १ लाख १० हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच पन्नास लाखांवर माणसं राहतात. सर्वेक्षण तीनच विभागांचं, तेव्हा सगळ्या शहराला ५७ लावू नये. पण निम्म्यानेही धरलं तरी नोंदलेले रुग्ण त्यापुढे किरकोळ ठरतात. बहुतेकांना लक्षणं नव्हती किंवा सौम्य होती, हे एक कारण. दुसरं कारण मावशींनी गेटवर सांगितलेलं. झोपडपट्टीत बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्त निघालं, याची फारशी चर्चा झाली नाही. सामायिक नळ आणि सामायिक संडास यांच्याशी कोणाचा संबंध दिवसातून जास्त वेळा येतो, हे ज्याने पाणी भरलंय त्याला विचारावं.

मार्च २०२१ मध्ये दुसरी लाट चढत असताना पालिकेने सांगितलं की त्याआधीच्या दोन महिन्यांतले ९० टक्के रुग्ण इमारतींतले आहेत, झोपडपट्टीतले फक्त १०. याचे दोन अर्थ लागतात. एक, झोपडपट्टीत आधीच होऊन गेलं होतं म्हणून या वेळी कमी झालं. दोन, इमारतीतला माणूस सर्दी झाली की मोबाइलवरून टेस्ट बुक करतो, वस्तीतला करत नाही. माझ्या मते दोन्ही खरे होते, मात्र कोणता किती हे फक्त रुग्णसंख्येवरून कळूच शकत नाही. त्यासाठी दर शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, हे बघावं लागतं. शंभरात दोन-तीन सापडत असतील तर जाळं पुरेसं लांब फेकलंय. पंचवीस सापडत असतील तर पाण्यात अजून पुष्कळ मासे आहेत आणि आपण काठावरच आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच टक्क्यांची रेघ आखली होती ती यासाठी. आपण मात्र संध्याकाळी आकडा ऐकायचो आणि 'आज कमी झाले' म्हणून चहा टाकायचो, त्या दिवशी रविवार होता आणि टेस्टच कमी झाल्या होत्या हे विसरून.

टेस्ट मिळत नसली की लोक स्वतःच्या टेस्ट तयार करतात. सगळ्यात सोपी टेस्ट पत्त्याची. कोकणात ती 'मुंबईवरून आलाय' अशी झाली. एरवी गणपतीला चाकरमानी येणार म्हणून घर शाकारणारी, सारवणारी वाडी त्या वर्षी रस्त्यावर फांद्या टाकून बसली. गावकऱ्यांचं चुकलं म्हणणं सोपं आहे. पण सुरुवातीला रत्नागिरीचे नमुने मिरजेला जात होते, रिपोर्टची वाट बघावी लागे, गावात म्हातारी माणसं जास्त आणि व्हेंटिलेटर कुठे तर तालुक्यापलीकडे. आलेल्या माणसाला आजार आहे की नाही हे कळायचा मार्गच नाही, मग सगळ्यांनाच वेशीवर थांबवा. २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. सरकारने ठरवलं, लवकर या आणि दहा दिवस विलग राहा, १२ तारखेनंतर येत असाल तर टेस्ट करून या. खासगी लॅबचा दर तेव्हा १,९०० पासून पुढे. चौघांचं कुटुंब म्हणजे ७,६०० रुपये, एसटीचं तिकीट वेगळं. दहा दिवसांची रजा कोणाकडे असते? ज्याच्याकडे रजाही नाही आणि साडेसात हजारही नाहीत, त्याने गणपतीचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. गावाने त्याला अडवलं असं तो म्हणतो. खरं तर त्याच्या पाकिटाने अडवलं.

हे फक्त आपल्याकडचं, असंही नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये लष्कराच्या मदतीने सगळ्या शहराला झटपट टेस्ट मोफत खुली केली. ना पैसे, ना लक्षणांची अट. तरी गरीब भागांतून लोक कमी आले, आणि जे आले त्यांच्यात पॉझिटिव्ह जास्त निघाले. कारणांमध्ये एक ठळक होतं: पॉझिटिव्ह आलो तर घरी बसावं लागेल, मग कमाईचं काय? आमच्या गेटवरचा प्रश्न, इंग्रजीत.

पुढे टेस्ट खरोखर स्वस्त झाली. जून २०२० मध्ये झटपट अँटिजेन टेस्ट आली. ती अर्ध्या तासात उत्तर देते, पण विषाणू कमी असेल तर चुकवते, म्हणून लक्षणं असूनही निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी असा नियम होता. मे २०२१ मध्ये घरी करायचं किट मंजूर झालं, २५० रुपयांचं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा आमच्या नाक्यावरच्या केमिस्टकडे ती पाकिटं काउंटरवरच रचलेली होती. मी डायनिंग टेबलावर बसून टेस्ट केली. दोन रेघा उमटल्या. ॲपवर नोंद करायला सांगितली होती, मी केली नाही. ऑफिसला तब्येत बरी नाही कळवलं आणि मागच्या खोलीत दार लावून बसले. सोसायटीत कोणाला सांगितलं नाही. दीड वर्षापूर्वी हेच मावशींनी केलं असतं तर आमच्या कमिटीने त्याला काय नाव दिलं असतं, ते मला ठाऊक आहे.

मी बरी झाले, मावशी कामावर आल्या, आणि चार दिवसांनी त्यांचा आवाज बसला. मी कपाटातून उरलेलं किट काढून ओट्यावर ठेवलं. म्हटलं, "मावशी, हे करून बघा. पंधरा मिनिटं लागतात."

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, हात नाही लावला. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "खाडे धरणार का, ते आधी सांगा."

"नाही धरणार. आठ दिवस घरी बसा, पगार पूर्ण देईन. बाकीच्या तिघींशीही मी बोलते."

त्यांनी हात धुतले आणि पाकीट फोडलं.